खटका ओढला म्हणून पडला, की पडत होता म्हणून खटका ओढला?

पत्र

सर,
मी गिरणारे गावचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामेभाऊ पंचवटीत राहतो. दोघांनी वर्षभर पैसे साठवून एफ ४५० फ्रेमवर ड्रोन केला: चार ए २२१२ मोटरी, मोटरींचा वेग सांभाळणारे ३० अँपिअरचे ईएससी, पिक्सहॉक हा कंट्रोलर बोर्ड आणि त्यात आर्डूकॉप्टर सॉफ्टवेअर, तीन सेलची लिपो बॅटरी. सगळं मिळून १४०० ग्रॅम. जोडाजोड आणि सोल्डरिंग माझं, घरच्या २५ वॉटच्या आयर्ननं. उडवणं त्याचं, त्याचा हात चांगला आहे. सहा वेळा नीट उडाला. सातव्या वेळी वडिलांना दाखवायला आमच्या द्राक्षबागेच्या कडेला उडवला. १८ मीटरवर लॉइटरमध्ये, म्हणजे आपोआप एका जागी थांबण्याच्या मोडमध्ये, शांत उभा होता. चार मिनिटांनी एकदम कलंडला आणि डावीकडे गिरक्या घेत मांडवावर पडला. काड्या मोडल्या, काही घड गेले. चुलते शेजारीच उभे होते. ते म्हणतात, "मी डोळ्यांनी पाहिलं, यानं रिमोटचा खटका ओढला आणि ते पडलं." मामेभाऊ म्हणतो, मी आधी काहीच केलं नाही. त्या दिवसापासून तो घरी आलेला नाही. आई रोज त्याचं नाव काढते. शेजारचे म्हणतात ओझरच्या रडारमुळे झालं. दुकानदारानं लॉग (बोर्डानं ठेवलेली उड्डाणाची नोंद) बघितला आणि म्हणाला, क्रॅशचा एरर आलाय, बोर्ड गेला, नवा घ्या. तीन पंखे तुटले, त्यांचे तुकडे सगळे मांडवाखालीच सापडले. एक पंखा नशिबानं वाचला. ड्रोन आहे तसा कांद्याच्या चाळीत ठेवलाय. फोटो आणि लॉगचे आलेख सोबत पाठवतो. नवा बोर्ड घेऊ का? आणि खरं सांगा, चूक कोणाची?

उत्तर

पुढचं वाचण्याआधी एक काम कर बाळा. चाळीत जा आणि ड्रोनची बॅटरी बाहेर काढ. लिपो आपटली की आतल्या पातळ पडद्याला चीर गेली की नाही हे वरून कळत नाही. काही बॅटऱ्या पडल्याक्षणी धूर सोडतात, काही तासांनी, काही दुसऱ्या दिवशी चार्जरला लावल्यावर. वाळलेली पात, टरफलं, बांबू आणि घरचा साठवलेला कांदा, अशा जागी ती नको. अंगणात उघड्यावर, भिंतीपासून लांब, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेव. फुगली असेल, कोपरा चेपला असेल किंवा थिनरसारखा गोडसर वास येत असेल तर तिला पुन्हा चार्जर लावायचा नाही. दिसायला धड असली तरी बॅलन्सच्या वायरीवर तिन्ही सेलचे व्होल्ट आज मोज, उद्या पुन्हा मोज. एखादा सेल आपोआप उतरत चालला असेल तर तीही बाद. हे झालं की मग निवांत बस.

आता तुझा तो नशिबानं वाचलेला पंखा. तू पाठवलेल्या सगळ्या फोटोंत मी त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसलो. तुटलेल्या तिघांची टोकं उडाली आहेत आणि उरलेल्या कडेवर बारीक खाचा आहेत, एकीला लागून एक. एका खाचेत करडी रेघ आहे, ती मांडवाच्या तारेवरच्या जस्ताची असावी. दुसऱ्या पंख्यावर वेलीचा हिरवा रस वाळलाय. फिरतं पातं तारेत शिरलं की असंच होतं. चौथ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या एका पात्याला एकाच अंगानं माती लागली आहे, बस्स. कड स्वच्छ, टोक शाबूत, खाच एकही नाही. दहा इंची प्लास्टिकचं पातं फिरत असताना तारेच्या मांडवात पडून असं राहात नाही. ड्रोन खाली आला तेव्हा तो पंखा फिरायचा थांबलेला होता.

याला मी पुरावा म्हणत नाही, खूण म्हणतो. कदाचित ती बाजू मऊ पाल्यावर पडली असेल आणि म्हणून वाचली असेल. पण खूण मिळाली की कुठे बघायचं ते ठरतं. तुकडे सगळे मांडवाखाली सापडले हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. पंखा हवेतच तुटला असता तर एखादा तुकडा दोन-चार ओळी सोडून लांब पडलेला मिळाला असता. म्हणजे पंखे पडल्यावर तुटले, तुटले म्हणून पडला नाही. वाचलेल्या पंख्याचा नटही घट्ट आहे, तेव्हा पंखा धरणारा अ‍ॅडॅप्टर मोटरच्या शाफ्टवर सरकला ही शंकाही जवळजवळ मिटली. ए २२१२ला ती खोड असते, म्हणून तिकडे आधी बघितलं.

हा पंखा फ्रेमच्या मागच्या डाव्या हाताचा. आर्डूकॉप्टरच्या एक्स मांडणीत पुढची उजवी मोटर १, मागची डावी २, पुढची डावी ३ आणि मागची उजवी ४. घड्याळासारखे गोल आकडे नाहीत, तिरप्या जोड्या आहेत, आणि नवखा माणूस इथेच चुकतो. १ आणि २ समोरासमोर तिरप्या, ३ आणि ४ तशाच. तेव्हा आपला संशय २ नंबरवर.

लॉगमध्ये शेकडो रकाने असतात आणि ते बघून माणूस घाबरतो. मी कोणत्याही पडझडीत पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: कंट्रोलरनं मागितलं ते आणि ड्रोननं केलं ते, यांची फारकत नेमकी कोणत्या क्षणी झाली? त्यासाठी लॉगच्या एटीटी या झुकावाच्या भागातल्या दोन रेषा एकावर एक काढायच्या, मागितलेला रोल (डावी-उजवीकडचा झुकाव) आणि झालेला रोल. तुझ्या आलेखात २५२व्या सेकंदापर्यंत त्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की एकच रेष वाटते. मागणी दोन अंशांची, झुकाव दोन अंशांचा. २५२.३ला झालेल्या रोलची रेष सुटते. मागणी अजून दोन-तीन अंशांवरच आहे आणि ड्रोन डावीकडे दहा, तीस, सत्तर अंश कलंडत गेलाय.

चालवणाऱ्यानं चुकून रिमोटची काठी ढकलली असती किंवा जीपीएस भरकटला असता तर आधी मागणी बदलली असती, आणि ड्रोन मुकाट्यानं तिच्यामागे गेला असता. दोन्ही रेषा बरोबरच वाकड्या झाल्या असत्या. तुझ्याकडे मागणी जागेवर आहे आणि ड्रोन पडलाय. असं दिसलं की बिघाड मोटर, पंखा, ईएससी आणि वायर या चौघांतच शोधायचा.

मग मोटरींना काय हुकूम गेले ते बघ. लॉगच्या आरसीओयू या भागात चार मोटरींचे सी १ ते सी ४ हे चार रकाने आहेत; आकडा जितका मोठा तितका जोर जास्त मागितला. शांत उभा असताना चौघंही १४८० ते १५६० या पट्ट्यात आहेत. २५२.३ला सी २ एकदम १९५०वर जातो आणि तिथेच चिकटून राहतो. त्याच वेळी समोरचा सी १ खाली ११५०पर्यंत उतरतो. कंट्रोलरला कळलं की मागचा डावा कोपरा खचतोय. त्यानं त्या मोटरकडे होतं नव्हतं तेवढं मागितलं आणि तोल राखायला समोरची मोटर हळू केली. मागितलं पूर्ण, मिळालं काहीच नाही. चार मोटरींच्या ड्रोनला एक कोपरा गेल्यावर सावरायला दुसरं काही नसतं. ना पंख, ना शेपटी.

गिरकी डावीकडे का, तेही जुळतं. १ आणि २ नंबरचे पंखे घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४चे घड्याळाप्रमाणे. पंखा एका दिशेनं फिरला की फ्रेमला उलट्या दिशेचा पीळ बसतो आणि दोन्ही जोड्यांचे पीळ एकमेकांना फेडतात. २ बंद पडली, १ला कंट्रोलरनं हळू केलं, उरल्या ३ आणि ४. त्यांचा पीळ फ्रेमला घड्याळाच्या उलट, म्हणजे डावीकडे फिरवतो. तुझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी जे पाहिलं ते हेच.

हे सगळं बोर्डानंच लिहून ठेवलंय, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत लिहीत होता. बोर्ड मधेच मेला असता किंवा त्याची वीज गेली असती, तर लॉग हवेतच, १८ मीटरवर तुटला असता. तुझा लॉग उंची शून्यावर आल्यावरही चालू आहे. दुकानदारानं जो एरर पाहिला तो बारा नंबरचा, क्रॅश चेक. ड्रोन मागणीपेक्षा तीस अंशांहून जास्त कललेला आहे आणि दोन सेकंद तसाच आहे असं दिसलं की कंट्रोलर स्वतः मोटरी बंद करतो आणि ही नोंद टाकतो. ती पडल्याची नोंद आहे, पडण्याचं कारण नव्हे. तुझ्या बोर्डानं शेवटपर्यंत आपलं काम चोख केलंय. नवा घेऊ नको. पैसे तर जातीलच, आणि खरा दोष जागेवर राहून नवा बोर्डही त्याच मांडवावर पडेल.

आता चुलत्यांचं बोलणं. हे सगळ्यात नीट वाच, कारण घरात जे तुटलंय ते याच्यावरून.

लॉगमध्ये प्रत्येक नोंदीपुढे वेळ असते, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची. मोड बदलल्याची नोंद तुझ्या लॉगमध्ये आहे. मामेभावानं लॉइटरमधून स्टॅबिलाइझमध्ये, म्हणजे हातानं उडवण्याच्या मोडमध्ये, खटका ओढला, हे खरं आहे. चुलते खोटं बोलत नाहीत. पण ती नोंद २५२.९ची आहे. फारकत झाली २५२.३ला. मधे सहा दशांश सेकंद आहेत. फारकतीआधीच्या दहा सेकंदांत आरसीआयएनमध्ये, म्हणजे रिमोटकडून आलेल्या हुकमांच्या नोंदीत, त्याच्या काठ्यांचे आकडे १४९६ ते १५०३च्या बाहेर गेलेले नाहीत; १५०० म्हणजे काठी मधोमध. म्हणजे त्याचे हात काठ्यांवर स्थिर होते. कलंडायला लागल्यावर तो दचकला, खटका ओढला आणि थ्रॉटल, म्हणजे जोर वाढवणारी काठी, पूर्ण वर नेली. उडवणारा कुणीही हेच करतो, अर्ध्या-पाऊण सेकंदात एवढं सुचणं ही चांगल्या हाताची खूण आहे. त्यानं काही वाचणार नव्हतं, पण त्यानं काही बिघडलंही नाही.

चुलत्यांना उलटं का दिसलं? अठरा मीटरवरचा ड्रोन पहिल्या दशांश सेकंदात जेमतेम काही अंश कलतो. खालून तो कललेला दिसत नाही. शेजारी उभ्या माणसाला आधी मुलाचा हात हललेला दिसतो, खटक्याचा आवाज कानावर येतो, आणि मग वर बघितल्यावर ड्रोन पडताना दिसतो. डोळ्यांनी जो क्रम दिला तो त्यांनी सांगितला. त्यांच्यापुढे हा आलेख ठेव आणि आवाज न चढवता दाखव: ही रेष इथे सुटली, खटका हा इथे, नंतर. शेतकरी माणूस आहे, पाणी आधी गेलं की मोटर आधी बंद पडली याचा हिशेब तो रोज करतो. त्याला कळेल.

बाकीच्या शंका लवकर आवरतो. ओझरच्या रडारची गोष्ट: रेडिओचा संपर्क तुटला असता तर पाच नंबरचा एरर आला असता, जीपीएस बिघडला असता तर अकरा नंबरचा. तुझ्याकडे दोन्ही नाहीत. आणि संपर्क तुटलेला ड्रोन सेटिंगप्रमाणे परत येतो किंवा उतरतो, कोलांट्या मारत नाही. उपग्रह १४ होते, भरपूर. मांडवाच्या लोखंडी अँगलनं होकायंत्र बिघडलं म्हणावं, तर त्यात ड्रोन गोल गोल भरकटत जातो, आणि तेही जमिनीलगत. कंपनं १५च्या आसपास आहेत, ३०च्या आत असली की चिंता नसते. बॅटरी पडण्याआधी ११.४ व्होल्टवर होती, म्हणजे सेलला ३.८. तीही निर्दोष. हा एक फरक कायमचा ध्यानात ठेव: बॅटरी संपली की ड्रोन सपाट राहून खाली बसतो, मोटर गेली की उलटतो.

तर २ नंबरची मोटर हवेत बंद पडली. का? इथून पुढे माझा अंदाज आहे, आणि तो तू स्वतः तपासायचा आहेस.

एफ ४५०ची खालची प्लेट हीच वीजवाटणीची पट्टी असते. चारही ईएससींच्या लाल-काळ्या वायरी थेट तिच्या तांब्यावर सोल्डर करतात. तू मागच्या डाव्या कोपऱ्याचा जो जवळून फोटो काढलास त्यात लाल वायरीचा जोड मोठा करून बघ. सोल्डर पॅडवर पसरलेलं नाही, अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा होऊन बसलंय. रंग राखाडी, खरखरीत. आणि गोळ्याच्या बुडाशी अर्ध्या बाजूनं केसाएवढी काळी रेघ आहे. तिच्याशेजारचा काळ्या वायरीचा जोड बघ, तो चकाकतो आणि कडेकडेनं पातळ होत पॅडला मिळतो. हा फरक आयर्नचा आहे. एवढं मोठं तांबं २५ वॉटचं आयर्न टेकताक्षणी थंड करतं. वरचं सोल्डर वितळतं, खालचा पॅड गारच राहतो आणि जोड नुसता चिकटतो, मुरत नाही. अशा जोडातून उभ्या ड्रोनला चार-पाच अँपिअर जात राहतात, तो तापतो, निवतो, वर मोटरची थरथर. एक दिवस तो क्षणभर सुटतो. क्षणभर पुरतो, कारण ईएससीची वीज एकदा गेली की तो नव्यानं सुरू होतो, आणि थ्रॉटल शून्यावर आलेली दिसेपर्यंत मोटर फिरवत नाही. हवेत थ्रॉटल शून्यावर येणार कशी?

तपासताना पहिली गोष्ट, उरलेला पंखाही काढून ठेव. टेबलावर पंख्यासकट मोटर कधीच फिरवायची नाही. मग वायर बोटानं हलकेच ओढ, पिळू नको. गोळा पॅडवरून हलला, तर शोध तिथेच संपला. हलला नाही तर चांगली बॅटरी लावून मोटर हळू फिरव आणि लाकडी काडीनं ती वायर इकडेतिकडे ढकल. मोटर अडखळली तरी उत्तर मिळालं. मात्र टेबलावर मोटर सुरळीत फिरली, म्हणून जोड चांगला असं समजू नको. पंख्याशिवाय मोटर नावापुरती वीज घेते, तेवढी तर तडकलेल्या जोडातूनही जाते. बरेच जण इथे फसतात, टेबलावर चालली म्हणून पुन्हा उडवतात आणि पुन्हा पाडतात.

जोड पक्का निघाला तर अदलाबदल कर. २ नंबरची मोटर ४ नंबरच्या ईएससीवर लाव आणि ४ची २वर. खोड मोटरीबरोबर गेली तर मोटर वाईट, जागेवरच राहिली तर ईएससी किंवा त्याची वायर. मोटर आणि ईएससीमधल्या तीन बुलेट कनेक्टरांचं सोल्डरही बघ, तिथे एक जरी सुटला तरी मोटर थरथरून उभी राहते. श्रिंक ट्यूबच्या आत लपलेलं असतं, ट्यूब कापून बघावं लागेल.

आणि सहाव्या उड्डाणाचा लॉग उघड. त्यात सी २ बाकीच्या तिघांपेक्षा वर चाललाय का? एकटा सी २ वर असेल तर जोड तेव्हापासूनच कुरकुरत होता आणि कंट्रोलर जास्त मागून भरून काढत होता. सी २ आणि सी ४ दोन्ही वर असतील तर वजन मागे पडलंय, बॅटरी पुढे सरकव. सी १ आणि सी २ दोन्ही वर असतील तर एखादी मोटर तिच्या हातावर तिरपी बसली आहे. चार आकड्यांत एवढं कळतं. दर उड्डाणानंतर दोन मिनिटं काढून ते बघायची सवय लाव.

तू विचारलंस, चूक कोणाची. मला जे दिसतंय त्यावरून ती तुझ्या सोल्डरची आहे. हे लिहिताना मला तुझं वाईट वाटतंय, पण तू खरं सांगा म्हणालास. पतंग गोता खायला लागला की येवल्याचं लहान पोरही आधी कन्नी तपासतं, मांजा धरणाऱ्याला नंतर बोलतं. कन्नी तू बांधली होतीस.

मी बरीच वर्षं मुलांना वर्कशॉपमध्ये शिकवलं. एकदा एका मुलानं यंत्राचा स्टार्टर दाबला आणि वाइंडिंग जळालं. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. दुपारी झाकण उघडलं तर एका फेजचा स्क्रू सैल, त्याखाली काजळी, कित्येक दिवसांची. त्या मुलाचा बटण दाबण्यापलीकडे काही संबंध नव्हता. मी त्याला बाजूला बोलावून सांगितलं, पण बोललो होतो सगळ्यांसमोर आणि सांगितलं एकट्याला. ते मला आजही बोचतं. तू तसं करू नको. मामेभावाला बोल लागले ते वडिलांसमोर आणि चुलत्यांसमोर. तेव्हा आलेख घेऊन बस तेही सगळे असतानाच. आधी पंचवटीत जाऊन त्याला घेऊन ये, आईला सांग तो जेवायला येतोय. मग सगळ्यांसमोर खटक्याची वेळ दाखव आणि जोडाचा फोटोही दाखव. जोड तू हलवून बघितला नसलास तर त्याच्यासमोरच हलव. तपास दोघांनी मिळून केला की निकाल कुणाचा एकट्याचा राहात नाही. वडिलांना मोडलेल्या काड्यांबद्दलही बोल. छाटणीपासून एका काडीवर किती हात फिरतो ते तुला माहीत आहे.

दुरुस्ती एकट्या जोडाची करू नको. आठ जोड आहेत, एकाच आयर्ननं केलेले. सगळे उतरव. कॉलेजच्या लॅबमध्ये ६० वॉटचं आयर्न आणि रुंद टीप मिळेल, तिथल्या सरांना विचार. जुनं सोल्डर ते शोषणाऱ्या तांब्याच्या वातीनं काढून घे, फ्लक्स लाव, पॅड आणि वायर आधी वेगवेगळी कल्हई केल्यासारखी सोल्डरनं माखून घे. मग टीप पॅडवर टेकव, सोल्डरवर नाही. पॅड तापला की सोल्डर आपोआप धावतं आणि चमकतं. टीप काढल्यावर चार-पाच सेकंद वायर अजिबात हलू देऊ नको, निवताना हललेला जोडही असाच राखाडी होतो. शेवटी प्रत्येक वायर फ्रेमच्या हाताला केबल टायनं बांध, म्हणजे थरथर जोडापर्यंत पोचणार नाही. पंखे चारही नवे. वाचलेला पंखा वापरू नको, तो तुझ्या टेबलावर ठेव.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघ. आपल्या जिल्ह्यात ओझरचा विमानतळ आहे, गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ आहे, देवळालीला तोफखाना आहे, तेव्हा लाल-पिवळे, म्हणजे परवानगीशिवाय न उडवण्याचे, पट्टे बरेच. ड्रोन नियम, २०२१प्रमाणे २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो गटात येतो. हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही, नोंदणी मात्र लागते, आणि हिरव्या पट्ट्यातही १२० मीटरच्या वर जायचं नाही. तुझ्या शेताचा पट्टा कोणता ते त्या दिवशी सकाळी बघ.

पहिलं उड्डाण मांडवाजवळ नको. नांगरून मोकळं पडलेलं रान निवड, माणसं वीस पावलं मागे. दोन मीटर उंचीवर पाच मिनिटं नुसता उभा ठेवायचा आणि उतरवायचा. बॅटरी काढल्याबरोबर आठही जोडांना बोट लावून बघ. एखादा इतरांपेक्षा गरम लागला तर तोच पुन्हा करायचा. मग सी १ ते सी ४चा आलेख काढ आणि मला पाठव, तेवढा पुरे. रिमोट मामेभावाच्या हातात असू दे.